मधले दोन स्क्रू

माझ्या मेहुण्याला सगळी गल्ली हळूमामा म्हणते. हे नाव आमच्या मुलांनी ठेवलं. लहानपणी सुट्टीत ती त्याच्याकडे राहायला गेली की तो दर पाच मिनिटांनी 'हळू' म्हणायचा. दार हळू लावा, जिना हळू उतरा, भांडं हळू ठेवा, हसायचं तर हसा, पण हळू. मुलं परत आली ती हळूमामा, हळूमामा करतच. तिथून ते नाव गल्लीत कसं पोचलं ते ठाऊक नाही, पण आज त्याच्या दुकानाचा पत्ता कुणी खऱ्या नावाने विचारला तर समोरचा शिंपीसुद्धा कपाळाला आठ्या घालतो.

आणि हा माणूस पोटासाठी स्पीकर दुरुस्त करतो.

मी त्याला एकतीस वर्षं ओळखतो. त्याच्या घरात खुर्च्यांच्या पायांना, कपाटाच्या दारांना, खिडक्यांच्या कडांना त्याने नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. नमदा म्हणजे ते जाड, दाबलेलं लोकरी कापड. दारावरच्या घंटीच्या लोलकालाही त्याने नमदा लावला आहे, त्यामुळे पाहुणा आला की घंटी वाजत नाही, खोकते. मामी म्हणजे त्याची बायको तोंडाची फटकळ. ती आल्यागेल्याला सांगते, "आमच्या घरात कुकरसुद्धा शिट्टी मारायच्या आधी यांच्याकडे बघतो." यावर तो हसतो. तेही हळूच.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर बरण्या, बरण्यांत स्क्रू, वॉशर, तारांचे तुकडे. मधे कामाचं टेबल आणि टेबलावर त्याचा तपासणीचा अँप्लिफायर. आवाजाच्या बटणाभोवती शून्य ते दहा आकडे. त्यातल्या दोनच्या आकड्यावर त्याने मामीच्या नखांचा लाल रंग लावून ठेवला होता. दुरुस्त झालेला स्पीकर तो दोनवर लावायचा, त्याच्या कागदी पडद्यावर अलगद बोट ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. झाली तपासणी. दोनच्या पुढे बटण कधी गेलं नाही. मी एकदा सहज म्हणालो, अरे गिऱ्हाईक तर हा सात-आठवर वाजवणार. तो म्हणाला, "भावोजी, ऐकायला आवाज मोठा लागत नाही. कान लागतो."

मला ते पटलं होतं. मी वाणिज्य शाखेचा माणूस, सगळा जन्म एका विमा कचेरीत कागद क्रमाने लावण्यात गेला. दर रविवारी दुपारी त्याच्या दुकानात बसून मी वर्तमानपत्र वाचतो. काम करणाऱ्या माणसाशेजारी बसून वाचायला बरं वाटतं.

त्याची एकुलती एक मुलगी चोवीस वर्षांची आहे. जन्मली तेव्हा इतकी रडायची की आजीने तिला टिटवी म्हटलं, ते तसंच राहिलं. टिटवी एका दाताच्या दवाखान्यात नोंदणीला बसते आणि संध्याकाळी बेस गिटार वाजवते. चार जाड तारांची ही गिटार. तिचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. घरी ती वीज न जोडता नुसत्या तारा छेडायची, म्हणजे जवळजवळ मुक्यानेच. बापाने तिला मोठ्याने वाजवताना कधी ऐकलेलं नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी त्याला हटकून काहीतरी काम निघायचं.

तिच्याकडचा स्पीकरचा डबा तिच्या शिक्षकांनी दिलेला. त्यांचे गुडघे गेले, डबा उचलवेना, म्हणून म्हणाले, तू ने. कमरेएवढा उंच काळा डबा, आत एकावर एक दोन मोठे स्पीकर, कोपऱ्यांना पत्रा, कडेचं रेक्झिन फाटलेलं. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की त्यातून एक बारीक खरखर यायची. तीन महिन्यांपूर्वी तिने तो बापाच्या दुकानात आणला. एका पडद्याची कड सुटली होती, ती त्याने चिकटवली. मग नेहमीच्या पद्धतीने डबा आतून गप्प केला. हा त्याचाच शब्द. "लाकूड लाकडाला लागलं की बोलतं," असं तो म्हणायचा आणि जिथे लाकूड लाकडाला टेकत असेल तिथे मधे नमदा घालायचा. दोनवर लावून बघितलं, बोट ठेवलं, मान हलवली.

पंधरा दिवसांत डबा परत आला. टिटवी म्हणाली, आधी बारीक खरखरायचा, आता मोठ्याने खडखडतो. त्याने मागचं तार खोचायचं सॉकेट बदललं, सगळे स्क्रू आवळले, दोनवर लावून बघितलं. ठणठणीत.

पुढच्या शनिवारी तिच्या ग्रुपची एका सभागृहात तालीम होती. आवाज सहावर नेताच डबा पत्र्याच्या शेडवर दगड पडावेत तसा वाजला. ग्रुपचा म्होरक्या ड्रम वाजवतो. तो सरळ माणूस आहे, गोल गोल बोलला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचला त्याच सभागृहात कार्यक्रम होता. त्या दिवशी हा डबा पुन्हा असा वाजला, तर पुढच्या कार्यक्रमापासून आम्ही दुसरा बेसवाला बघू, असं त्याने तिला सगळ्यांदेखत सांगितलं.

हे मला रविवारी कळलं. मी वर्तमानपत्र उघडलं होतं, मामा एका छोट्या स्पीकरच्या तारेला कथलाचा डाग देत होता. टिटवी हातगाडीवर डबा घेऊन आली. गाडीवाल्याने आणि तिने तो आत ठेवला. तिने आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं, न रडता, नोंदणीच्या खिडकीवर बोलतात तशा आवाजात. मामाने मीटर घेतलं, दोन्ही स्पीकर तपासले, गिटार जोडायला सांगितलं आणि बटण लाल खुणेवर आणलं. सगळ्यात जाड तार वाजली. आवाज गोल, स्वच्छ. त्याने बोट ठेवलं.

"काही नाहीये याला," तो म्हणाला.

टिटवीने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"बाबा, तुम्ही दुरुस्त नाही करत. तुम्ही गप्प करता."

 तिने मग माझ्याकडे बघितलं, पण बोलली त्याच्याशीच. सोमवारी मी हा दुसरीकडे नेते, म्हणाली. कुठेही, जिथे सहावर लावून बघतात तिथे.

मामा तापलेली डागणी स्टँडवर ठेवायला गेला. ती दोनदा स्टँडच्या बाहेर टेकली आणि टेबलाचं लाकूड जळाल्याचा वास आला. मुलगी दुसरीकडे जाणार याचा राग आला असेल असं मला वाटलं. चेहरा बघितला तेव्हा कळलं की राग नव्हता. आमच्या कचेरीत एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. तेव्हा आतल्या माणसांचे चेहरे असे झाले होते.

त्याने टिटवीला समोरून चहा आणायला पाठवलं. ती गेली आणि मग त्याने मला ती गोष्ट सांगितली. एकतीस वर्षांत आमच्या हिलाही, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीला, ती ठाऊक नव्हती.

बाविसाव्या वर्षी तो स्पीकर भाड्याने देणाऱ्या एका दुकानात कामाला होता. तिथल्या मुख्य कारागिराला सगळे उस्ताद म्हणायचे. मामाला डाग द्यायला, मीटर धरायला, पडदा चिकटवायला त्यांनीच शिकवलं. एका मैदानात सभेच्या आदल्या दिवशी तपासणी चालली होती. तीन डबे एकावर एक रचलेले. उस्ताद खाली मागच्या बाजूला तारा बघत होते, मामा वीस पावलांवर बटणापाशी. उस्ताद ओरडून सांगायचे, वाढव, अजून वाढव, मी सांगेपर्यंत कमी करायचं नाही. त्याने वाढवलं. खालचा सूर फार मोठा झाला की डबा थरथरतो, आणि थरथरणारा डबा चालतो. सगळ्यात वरचा डबा चालायला लागला. एकेक बोट, मागच्या बाजूला.

"मला दिसत होता," मामा म्हणाला. "मी ओरडत होतो. पण त्या आवाजात मलाच माझं ऐकू येत नव्हतं. हात बटणावर होता, भावोजी. त्यांनी कमी कर म्हटलं नव्हतं ना, म्हणून मी कमी केलं नाही."

उस्तादांच्या कंबरेचं हाड मोडलं. ते जगले, पण पुन्हा मैदानावर उभे राहिले नाहीत. मामाने ती नोकरी सोडली. एकदा त्यांच्या घराच्या दारापर्यंत गेला होता, कडीला हात लावून परत आला. पुढे ते वारल्याचं त्याला सहा महिन्यांनी कळलं.

मी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. 

टिटवी चहा घेऊन आली तेव्हा तो उठून उभा होता. म्हणाला, सहावर लावून बघू. आत्ताच. तिने कप तसेच हातात धरून ठेवले.

आधी त्याने आम्हाला फळ्या रिकाम्या करायला लावल्या. जे जे पडू शकतं ते सगळं जमिनीवर. मी सवयीप्रमाणे क्रमाने उतरवत गेलो, म्हणजे परत लावताना घोळ नको. वरच्या फळीवर कोपऱ्यात एक मोठी काचेची बरणी होती, दोन्ही हातांनी उचलावी लागली. आत बोटाएवढे लांब स्क्रू गच्च भरलेले. मी विचारलं, हे कसले? तो म्हणाला, डब्यांच्या मागच्या फळीच्या मधले. नमदा लावला की ते लागत नाहीत. मी बरणी भिंतीला लावून ठेवली.

मग त्याने शटर पूर्ण वर केलं, नाहीतर तेच थरथरलं असतं. नळीचा दिवा काढून ठेवला. अँप्लिफायर डब्यापासून लांब, स्टुलावर ठेवला. डबा खोलीच्या मधोमध ओढला आणि खडूचा तुकडा घेऊन त्याच्या चारही बाजूंनी, दोन बोटं जागा सोडून, जमिनीवर रेघ मारली.

"डब्यावर काही नाहीये ना?" त्याने विचारलं.

"नाहीये," टिटवी म्हणाली.

हे त्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने नुसता हात फिरवून डब्याचा रिकामा माथा दाखवला. तोवर तिचाही चेहरा बदलला होता. तिला ती गोष्ट ठाऊक नव्हती, पण बापाच्या अंगाला सुटलेला घाम दिसत होता.

बटणाला त्याने मला बसवलं. स्वतः तो डब्याच्या मागे जमिनीवर पालथा पडला, कान मागच्या फळीपासून वीतभर अंतरावर. मला म्हणाला, मी हात वर केला की थांबवा. तोवर वाढवत राहा.

तो पडला होता ती जागा उस्तादांची होती. हे माझ्या लक्षात आलं. मी आयुष्यात एवढी जबाबदारी कधी हातात धरली नव्हती, आणि तीही शेंगदाण्याएवढ्या बटणात. डोळे त्याच्या उजव्या हातावर ठेवले आणि तीनवर आणलं.

टिटवीने जाड तार छेडली. सूर जमिनीतून चढून माझ्या पायांत आला. चारवर खाली ठेवलेल्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या. पाचवर सूर पोटात उतरला आणि दाताची जुनी भरण दुखायला लागली. शिंपी दुकानातून बाहेर आला, त्याच्यामागे आणखी दोघं. कुणीतरी काहीतरी विचारलं, मला फक्त ओठ हलताना दिसले.

सहावर डबा ओरडला. त्याला खडखड म्हणणं कमी आहे. कुणीतरी आत कोंडलं आहे आणि बाहेर यायला फळीवर लाथा मारतं आहे, असा तो आवाज होता. मी मामाच्या हाताकडे बघत होतो. हात वर झाला नाही. तो हात डब्याकडे गेला. पुढची जाळी त्याने आधीच काढली होती, आता त्याने कडेची मूठ दाबून बघितली. आवाज तसाच. सॉकेटची पट्टी दाबली. तसाच. पत्र्याचे कोपरे एकेक करून. तसाच. त्याने खिशातून पातळ कागदाची पट्टी काढली आणि मागच्या फळीच्या सांध्यावरून फिरवली. खालच्या कोपऱ्यात कागद फडफडला, म्हणजे तिथून वारा सुटत होता. मग त्याने पंजा उघडून मागच्या फळीच्या बरोबर मधोमध ठेवला आणि दाबला.

खडखड थांबली. नुसता सूर उरला. इतका मोठा आणि इतका स्वच्छ की टिटवीचा हात तारेवरच राहिला.

त्याने पंजा काढला. खडखड. ठेवला. शांत. काढला. खडखड. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. चेहरा जमिनीकडे होता, मला दिसत नव्हता. हात वर करणं तो विसरला होता, की तो शुद्धीवरच नव्हता, हे मला कळेना. आणि तेवढ्यात मला खडूची रेघ दिसली. म्हणजे खरं तर दिसली नाही, कारण त्याच्या बाजूची रेघ डब्याखाली गेली होती. डबा त्याच्या डोक्याकडे चालत होता.

मी बटण शून्यावर आणलं.

एवढी शांतता झाली की शिंप्याच्या गळ्यातली मोजपट्टी त्याच्या गुंड्यांना घासल्याचं ऐकू आलं. मामाने मान वर केली. डब्याकडे बघितलं, डब्याखाली गेलेल्या रेघेकडे बघितलं, मग बटणावरच्या माझ्या हाताकडे.

"मी हात वर केला नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"न सांगता कमी केलंत."

"हो."

त्याने उरलेल्या रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. मग "बरं," म्हणाला आणि उठून बसला. उठताना त्याने डब्याचाच आधार घेतला.

मागची फळी उघडली तेव्हा सगळं मलाही समजलं, इतकं ते सोपं होतं. डब्याच्या आत पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत एक जाड लाकडी आधार असतो. डबा बनवणाऱ्याने मागची फळी त्या आधाराला मधे दोन लांब स्क्रूंनी घट्ट आवळलेली असते, म्हणजे मोठ्या आवाजात फळी हलू नये. मामाने ते दोन स्क्रू काढून तिथे नमदा घातला होता, कारण स्क्रू आवळला की नमदा दबतो आणि लाकूड लाकडाला लागतं. दोनवर फळी हलतच नाही. सहावर ती ढोलासारखी आत-बाहेर होते आणि आधारावर आपटते. नमदा तीन आठवड्यांत मार खाऊन पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता.

डबा आधी फक्त खरखरत होता. खडखडायला लावला तो बापाने.

त्याने नमदा उपटून काढला, आधाराला नवा सरस लावला. मग भिंतीपाशी गेला, ती मोठी बरणी उघडली आणि त्यातून दोन लांब स्क्रू घेतले. घेतले आणि तिथेच उकिडवा बसून राहिला. मी जवळ गेलो. तो बरणीत बघत होता.

"एका डब्याचे दोन," तो म्हणाला.

बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. तीस वर्षं तो डबे गप्प करून पाठवत होता. जे गिऱ्हाईक परत आलं नाही ते खूश आहे, असं धरून चालत होता. ते सगळे डबे आता कुठल्या कुठल्या सभागृहांत, मैदानांत, कुणाच्या मागे, कशावर रचलेले होते, कोण जाणे. मागची फळी सैल असलेला डबा जास्त थरथरतो. आणि जास्त थरथरणारा जास्त चालतो. हे मला त्याने सांगितलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघून समजलो, आणि मलाही तिथे उभं राहवेना.

टिटवी त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने त्याच्या मुठीतले दोन स्क्रू काढून घेतले, पेचकस घेतला आणि फळी स्वतः आवळली. सरस वाळायला दोन दिवस दिले. मंगळवारी परत सातपर्यंत लावून बघितलं. डबा बोलला, पण खडखडला नाही. मंगळवारीही बटणाला मीच होतो. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती.

शनिवारी सभागृहात मामा आमच्या आधी पोचला होता. चौकड्यांच्या शर्टावर इस्त्रीची पँट, खिशात खडू. डबा ड्रमच्या उजव्या हाताला ठेवला. म्होरक्या अँप्लिफायर डब्यावरच ठेवू लागला, सगळेच तसं ठेवतात. मामा मधे गेला आणि म्हणाला, डब्यावर काही ठेवायचं नाही. म्होरक्याने विचारलं, का हो काका? मामा म्हणाला, मी सांगतो म्हणून. एवढ्या चढ्या आवाजात बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. अँप्लिफायर शेजारच्या खुर्चीवर गेला. मामाने डब्याभोवती रेघ मारली आणि मागे, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, छोट्या बाकावर बसला. तळहात मागच्या फळीच्या मधोमध. मला त्याने पडद्याआड उभं केलं. काम एकच. डबा रेघेवर आला की कुणाला न विचारता कमी करायचं.

मामी पहिल्या रांगेत होती. आमच्या हिला ती म्हणाली म्हणे, हे माझ्या लग्नातसुद्धा स्टेजवर असे चढून बसले नव्हते.

पहिली दोन गाणी सहावर गेली. डबा जागचा हलला नाही. मामाने डोळे मिटून घेतले होते, कपाळावरून घाम ओघळून कॉलरमधे जात होता, पण तळहात हलत नव्हता. तिसऱ्या गाण्याला सभागृह भरलं. भरलेल्या सभागृहात माणसं सूर पिऊन टाकतात, हे मला तिथेच कळलं. टिटवीचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचेना. म्होरक्याने काडी हवेत वर उचलून तिला खूण केली, वाढव. ती पार पुढे होती, तारा छेडत होती, सोडून येणं शक्य नव्हतं. तिने मान वळवून मागे बघितलं. माझ्याकडे नाही. बापाकडे.

बटण त्याच्या डाव्या हाताच्या अंतरावर होतं. ते सहावर होतं. दुकानात आम्ही सातपर्यंतच बघितलं होतं.

मी पडद्याआडून पुढे व्हायला पाऊल उचललं. त्याने डोळे उघडले आणि डाव्या हाताने मला थांबवलं. मग तोच हात बटणाकडे नेला. जाताना तो हात मधे एकदा थांबला, मला वाटलं आता मागे येईल. नाही आला. सात. मग आठ.

पडदा माझ्या खांद्याला लागून थरथरायला लागला. पायांखालचं लाकडी व्यासपीठ गुणगुणत होतं. मी फक्त रेघ बघत होतो. डबा हलला. एक केसभर, मग आणखी. दोन बोटांची जागा दीड झाली, एक झाली. मी पुढे सरकलो, हात बटणापासून वीतभर ठेवला. मामाचे डोळे आता उघडे होते आणि तोही तिथेच बघत होता. त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते आठवरच्या आवाजात ऐकू येणं शक्य नव्हतं. अर्धं बोट उरलं तेव्हा गाणं संपलं.

टाळ्या चालू असताना त्याने बटण दोनवर आणलं, दोन्ही हातांनी डबा ढकलून पुन्हा रेघेच्या मधोमध आणला आणि परत तळहात ठेवून बसला. पुढच्या चारही गाण्यांना त्याने असंच केलं. टिटवीची जागा राहिली. म्होरक्याने नंतर डब्यावर थाप मारली आणि विचारलं, काका, दर वेळेला येणार का?  मामाने उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता, तळहात लालबुंद आणि बधिर झाला होता. घरी मामीने त्याला भरवलं, आणि भरवताना जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं.

सोमवारी मला दुकानाच्या शटरवर एक पाटी दिसली. अक्षर त्याचंच. 'इथून दुरुस्त होऊन गेलेले सर्व डबे परत आणावेत. मधले दोन स्क्रू लावायचे आहेत. तोवर एकावर एक रचू नयेत.' खाली, पैसे घेतले जाणार नाहीत, हेही लिहिलं होतं.

बरणीतले स्क्रू मी मोजले. चारशे बारा, म्हणजे दोनशे सहा डबे. त्याने आठवतील तेवढी नावं सांगितली, मी ती वहीत उतरवली आणि कचेरीतून आल्यावर रोज संध्याकाळी फोन करतो. काही जण हसतात. काहींचे नंबर बदलले आहेत. एकाने सांगितलं, आमचा डबा गेल्या वर्षी पडला, पण तेव्हा खाली कुणी नव्हतं. ते ऐकून मामा काम अर्ध्यावर टाकून, दुकान बंद करून घरी गेला.

आतापर्यंत सदतीस डबे परत आले आहेत. प्रत्येक डबा तो उघडतो, नमदा काढतो, स्क्रू लावतो आणि सकाळी अकरा ते बारा या वेळात आठवर लावून बघतो. लाल खूण त्याने खरवडून काढली आहे. बटणाला मामी बसते. ती म्हणते, एवढ्या वर्षांनी या माणसाने मला वाढव म्हटलं, मी का सोडू? तो डब्यामागे पालथा पडलेला असतो आणि अजूनही त्याच्या सदऱ्याची पाठ ओली होते. अकरा वाजले की शिंपी आपलं मशीन थांबवतो.

बरणी आता गळ्याच्या थोडी खाली आली आहे. मी तिला बाहेरून खडूने रेघ मारून ठेवली आहे.